कोसलातला पांडुरंग आणि बिढारमधला चांगदेव हे एकच पात्र आहे का?

नाही, दोघं वेगळे आहेत, पण दोघांत त्यांचे लेखक भालचंद्र नेमाडे स्वतः भरपूर आहेत. पांडुरंग सांगवीकर फक्त कोसला या कादंबरीतला (1963), चांगदेव पाटील मात्र बिढार, हूल, जरीला, झूल अशा चारही कादंबऱ्यांत तोच, इंग्रजीचा प्राध्यापक, गावोगावची कॉलेजं बदलत फिरणारा. नेमाडेंचं गाव खानदेशातलं सांगवी, शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला, पुढे नोकरी इंग्रजी शिकवायची, म्हणजे दोघांचा कच्चा माल त्यांच्याच आयुष्यातला हे उघड दिसतं. तरी आत्मचरित्र समजून वाचू नका प्लीज, कारण पांडुरंग पुण्यातलं शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो, नेमाडे एमए करून प्राध्यापक झाले, आणि हा फरकच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आधी कोसला वाचा, मग ही चार क्रमाने.