आरशातही पाठमोरा

प्रश्न : रने मॅग्रित यांच्या एका चित्रातील गृहस्थ आरशासमोर उभे आहेत, पण आरशातही त्यांची पाठच दिसते. हे एका धनिकाचे व्यक्तिचित्र आहे, असे वाचनात आले. चेहराच नसलेले व्यक्तिचित्र त्यांनी का स्वीकारले असावे? की आरशाच्या बाबतीत चित्रकाराचीच चूक झाली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चूक मुळीच नाही, आणि त्याचा पुरावा चित्रातच आहे. आरशाखालच्या संगमरवरी फळीवर एडगर अ‍ॅलन पो यांच्या आर्थर गॉर्डन पिमविषयीच्या कादंबरीची फ्रेंच प्रत ठेवलेली आहे, आणि तिचे प्रतिबिंब अगदी नियमानुसार उलटे पडले आहे. म्हणजे आरसा शाबूत आहे. तो नकार देतो तो फक्त माणसाला. चित्राच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘नक्कल करण्यास मनाई’ असा होतो. पुस्तकांवर छापली जाणारी ही सूचना इथे पुस्तकाला लागू होत नाही, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र होते, ही गंमत मला चित्राइतकीच आवडते.

हे गृहस्थ म्हणजे एडवर्ड जेम्स (1907–1984). अमेरिकेतील उद्योगातून आलेल्या संपत्तीचे वारस असलेले हे इंग्रज गृहस्थ स्वतः कविता लिहीत आणि अतिवास्तववादी (म्हणजे स्वप्नासारखी, तर्काला न जुमानणारी चित्रे काढणाऱ्या) चित्रकारांना सढळ हाताने आश्रय देत. त्यांपैकीच एक, साल्वादोर दाली, यांचा शेवंडाचा टेलिफोनही (रिसीव्हरवर शेवंड बसवलेला) त्यांच्यासाठीच घडवला गेला. 1937च्या सुरुवातीला लंडनमधील विंपोल स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरी राहून मॅग्रित यांनी तेथील नृत्यदालनासाठी चित्रे काढली, आणि आपल्या एका चित्रासमोर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या जेम्स यांचे छायाचित्रही टिपले. ज्यांनी टेलिफोनवर शेवंड बसवून घेतला, त्यांना चेहऱ्याची हुबेहूब प्रतिकृती हवी होती, असे मानायला मला तरी जागा दिसत नाही. तसे चित्र काढून देणारे चित्रकार लंडनमध्ये पैशाला पासरी मिळाले असते.

शिवाय त्याच वर्षी मॅग्रित यांनी जेम्स यांचे दुसरेही व्यक्तिचित्र काढले. मॅन रे यांच्या छायाचित्रावरून रंगवलेल्या या चित्रात ते समोर तोंड करून टेबलाशी बसले आहेत, पण डोक्याच्या जागी डोळे दिपवणारा प्रकाशगोल आहे. मनोविश्लेषक फ्रॉइड यांच्या ‘सुखतत्त्वा’चे (मन सुखाकडे धावते, या कल्पनेचे) नाव दिलेले हे चित्र 2018मध्ये न्यूयॉर्कमधील लिलावात सुमारे 2 कोटी 68 लाख डॉलरना विकले गेले. आपण विचारलेले पाठमोरे चित्र मात्र रॉटरडॅमच्या बॉयमान्स व्हान ब्योनिंगेन संग्रहालयाच्या मालकीचे आहे.