अडीच महिन्यांच्या पिल्लाला घरच्या घरी शिस्त लावता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंधरा दिवसांपूर्वी लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं, आता अडीच महिन्यांचं आहे. घरभर शू करतं, मुलांच्या हातापायांना चावतं, आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारतं, आणि 'बस' म्हटलं तर मान वळवूनही बघत नाही. ट्रेनर महिन्याचे ८ हजार मागतोय. घरी जमेल का?

जमेल. मी काही ट्रेनर नाही. आजवर दोन कुत्रे वाढवले आणि त्यातला पहिला आम्ही सगळ्यांनी मिळून बिघडवला, एवढीच माझी पात्रता.

पहिला मोती. मी तेव्हा नववीत होतो. वडिलांनी वर्तमानपत्राची सुरळी करून फ्रिजवर ठेवलेली असायची. फरशीवर शू दिसली की मोतीला मानेला धरून तिथे न्यायचं, नाक टेकवायचं आणि सुरळीचा एक फटका द्यायचा. महिनाभरात शू दिसेनाशी झाली. मोती शहाणा झाला असं आम्ही शेजारीपाजारी सांगत फिरलो. मग दिवाळीच्या साफसफाईला दिवाण सरकवला, तेव्हा काय ते कळलं. पठ्ठ्या दिवाणाखाली जाऊन करत होता. त्याने त्या फटक्यांतून एवढंच ताडलं होतं की माणसांच्या समोर करायची नाही. त्यामुळे बाहेर नेलं तरी माझ्यासमोर करायचा नाही. पाऊण तास फिरवून आणावं आणि त्याने घरात शिरून थेट दिवाण गाठावा.

कुत्र्याच्या डोक्यात कारण आणि परिणाम यांची गाठ बसायला दोन्हींमध्ये एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर असून चालत नाही. शू करून पाच मिनिटं झाली असतील, तर फटका त्याच्या लेखी आकाशातून पडलेला असतो. आणि तो 'अपराधी चेहरा' करतो ना, तो अपराधाचा नसतो. तुमचा चढलेला आवाज आणि उभं राहायची ढब बघून तो दबलेला असतो, बस्स.

म्हणून शूसाठी शिक्षेचं खातं बंदच करा. या वयात शू त्याला फार वेळ धरताच येत नाही. जागं असताना दर तासाला, शिवाय झोपून उठल्या-उठल्या, खाऊन झाल्यावर आणि दंगा करून झाल्यावर लगेच ठरलेल्या एकाच जागी न्या. खाली नेणं जमत नसेल तर बाल्कनीतला एक कोपरा चालेल. तिथे गप्प उभे राहा, खेळू नका. त्याने केली की त्याच क्षणी, तिथेच, शाबासकी आणि खाऊ. घरात येऊन डबा उघडून दिलेला खाऊ हा घरात येण्याचा खाऊ होतो, शूचा नाही. नजर ठेवायला कुणी नसेल तेव्हा एका खोलीत किंवा आडोशात ठेवा, अख्खं घर मोकळं देऊ नका.

घरात झालीच तर काही न बोलता पुसा. फिनाईलने वास आपल्यापुरता जातो, त्याला तो येतच राहतो आणि तो पुन्हा तीच जागा धरतो. पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं-निम्मं करून पुसलं तर बरं. पण फरशी संगमरवराची किंवा शहाबादी असेल तर व्हिनेगर लावू नका, डाग पडतो. (आमच्या स्वयंपाकघरात एक कायमचा पडलाय.) तिथे पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाईमवालं क्लीनर वापरा.

चावण्याचं बोलायचं तर तुमच्या पिल्लाला आत्ता दुधाचे २८ दात आहेत, सुईसारखे. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात, तेव्हा चावणं आणखी वाढेल, घाबरू नका. त्यातून लॅब्रेडॉर म्हणजे तोंडात धरून आणण्यासाठीच तयार केलेली जात, त्याचं तोंड रिकामं राहणं अवघड. दात हाताला लागले की हात झटकू नका, झटकलेला हात म्हणजे पळणारी शिकार. हात ढिला सोडा, उठा, पाठ करा, अर्धा मिनिट त्याच्याशी संबंध नाही. मग परत या आणि चावायला हक्काचं काहीतरी द्या. फ्रीजरमधलं थंडगार गाजर किंवा ओलं करून गोठवलेलं जुनं फडकं त्याला फार आवडतं. फडकं मात्र तुमच्या देखत, नाहीतर चिंध्या पोटात जातात. मुलांना एकच सांगा: पळायचं नाही, किंचाळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. झाड चावण्यात पिल्लाला मजा येत नाही.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांना देतात, म्हणजे तुमच्या पिल्लाला ती अजून मिळालेली नसणार. दात लागून कातडी फुटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. 'एवढंसं तर पिल्लू' म्हणून सोडू नका.

आता त्या 'बस'कडे येतो, कारण माझ्या मते मराठी घरात खरी गोम तिथे आहे.

दुसरी कुत्री खारी. गावठी, सोसायटीच्या गेटपाशी सापडली, आता सहा वर्षांची आहे. तिला मी मोठ्या कौतुकाने 'बस' शिकवलं होतं. चार दिवसांत पक्कं झालं. मग दसऱ्याला आमच्याकडे दहा माणसं जेवायला होती. बायको श्रीखंड वाढायला फिरत होती आणि जो तो पानावर हात आडवा धरून 'बास, बास' करत होता. खारी प्रत्येक 'बास'ला ताडकन बसायची आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघायची. तिला कोण काय देणार? सगळे आपापल्या पुऱ्यांत. सात-आठ वेळा बसली, मग उठून गॅलरीत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी 'बस' म्हटलं तर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला श्रीखंड नको म्हणून सांगतोय.

मग मी दिवसभर कान देऊन ऐकलं. आई शेजारच्या काकूंना 'बसा हो जरा'. मुलगी अभ्यासाला 'बाबा, तू पण बस ना'. मी फोनवर 'बस, एवढंच'. 'नको' तर विचारूच नका, मराठी माणसाचं जेवणच 'नको नको' म्हणत होतं. 'थांब', 'ये', 'जा', सगळं दिवसभर हवेत. कुत्र्याला अर्थ कळत नाही, आवाज कळतो. जो आवाज पन्नास वेळा येतो आणि पन्नासपैकी अठ्ठेचाळीस वेळा त्याच्याशी काही घेणंदेणं नसतं, त्याला तो पंख्याच्या घरघरीसारखा सोडून देतो. लोक घरात मराठी आणि कुत्र्याशी तेवढं 'सिट', 'स्टे' बोलतात, तो मला आधी साहेबी थाट वाटायचा. पण त्यात एक शहाणपण आहे: 'सिट' हा शब्द त्या घरात दुसऱ्या कुणालाच म्हणत नाहीत.

तरी मला इंग्रजी नको होतं, म्हणून आम्ही घरात कुणी वापरत नाही असे मराठी शब्द शोधले. बसायला 'टेक'. बोलवायला 'यू यू', माझी आजी भाकरीचा तुकडा घेऊन अंगणातून हाक मारायची तशी. लांबवर जातो हा आवाज, आणि माणसाला कुणी 'यू यू' करत नाही. 'सोड' ठेवलं, ते घरात फारसं कुणी म्हणत नाही. फ्रिजवर, जिथे आमच्या लहानपणी सुरळी असायची, तिथे ही यादी चिकटवली आणि आईसकट सगळ्यांकडून पाठ करून घेतली. आईला आठवडा लागला, खारीला तीन दिवस.

शिकवताना शब्द शेवटी येतो, आधी नाही. हरभऱ्याएवढा खाऊ चिमटीत धरा, त्याच्या नाकासमोरून वर आणि किंचित मागे, शेपटीच्या दिशेने न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. टेकलं की लगेच खाऊ. पाठीवर दाबून बसवू नका, दाबलं की तो उलट वर रेटा देतो. दहा-बारा वेळा असं झालं की नुसत्या रिकाम्या हाताची तीच खूण करा, खाऊ दुसऱ्या हातातून द्या. बूड खात्रीने टेकायला लागलं की खुणेच्या अर्धा सेकंद आधी शब्द म्हणा. एकदाच म्हणा. 'टेक, टेक, अरे टेक ना' असं म्हणाल तर त्याला वाटेल की हुकूमच 'टेकटेकअरेटेकना' असा आहे. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. खाऊ म्हणजे त्याच्याच जेवणातले दाणे, उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा पनीर, आणि तेवढं जेवणातून वजा. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुका-बेदाणे अजिबात नाहीत, प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नाही.

'यू यू' करून बोलावलं की नेहमी चांगलंच घडलं पाहिजे. बोलावून रागावणं, बोलावून नखं कापणं, बोलावून कोंडणं, यातलं एकही नको. तसं काही करायचं असेल तर तुम्ही उठून त्याच्याकडे जा.

उड्यांचं औषध सोपं आहे, पाळणं अवघड. उडी मारली की हात, नजर, आवाज काहीच द्यायचं नाही. चारही पाय जमिनीवर आले की वाकून लाड करायचे. 'खाली उतर' म्हणत हाताने ढकलणं हा त्याच्या दृष्टीने खेळच. घोडं अडतं ते पाहुण्यांपाशी. नऊ जण पाठ फिरवतात आणि दहावी मावशी 'असू दे रे, मला आवडतात कुत्रे' म्हणून त्याला उचलून घेते. मग ते मटक्यासारखं होतं. रोज आकडा लागत नाही, कधीतरी लागतो, म्हणून तर माणूस लावत राहतो. बेल वाजली की आधी पट्टा अडकवा, मग दार उघडा. मावशीला शिकवण्यापेक्षा ते सोपं.

आता जरा घाईची गोष्ट. जग ओळखीचं करून घेण्याचं पिल्लाचं वय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं. तुमच्याकडे जेमतेम महिना उरलाय. पण लसी १६ आठवड्यांपर्यंत चालतात आणि तोवर रस्त्यावर सोडायचं नाही, त्यामुळे लोक पिल्लू घरात कोंडतात आणि मग ते जन्मभर रिक्षाला भुंकतं. मधला मार्ग म्हणजे कडेवर घेऊन हिंडवा. भाजीबाजाराच्या कडेला उभे राहा, छत्री, हेल्मेट, काठीवाले आजोबा, शाळेची मुलं दाखवा, खाऊ देत राहा. फटाक्यांचा आणि ढोल-ताशांचा आवाज फोनवर अगदी बारीक लावून त्याला जेवायला घाला, आणि दिवसागणिक थोडा वाढवा. दचकलं तर आवाज पुन्हा बारीक.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की 'आधी त्याला मालक कोण ते दाखवा, उलटं पाडून धरा'. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल या प्राण्यांच्या अभ्यासकाच्या १९४७ सालच्या अभ्यासापर्यंत मागे जाते. तो स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात बंदिस्त ठेवलेल्या लांडग्यांवरचा होता, आणि ते कळपातल्या वरच्या जागेसाठी भांडताना दिसले होते. डेव्हिड मीच या लांडग्यांच्याच अभ्यासकाच्या १९७० सालच्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली, आणि १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी मारामाऱ्या नसतात. उलटं पाडलेलं पिल्लू फक्त तुमच्या हातांना भ्यायला शिकतं.

त्याच कारणाने गुरगुरण्याबद्दल कधी मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद केलीत तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. जेवणाच्या भांड्यापाशी अंग ताठ करून गुरगुरत असेल, तर आत्ताच पशुवैद्यांशी बोला, ते घरगुती उपायांचं काम नाही.

राहिले ८ हजार. आमच्या खालच्या मजल्यावर एक ट्रेनर यायचा. रोज अर्धा तास कुत्र्याला खाली घेऊन जायचा, गळ्यात आवळणारी साखळी. दोन महिन्यांनी कुत्रा त्याचं सगळं ऐकायला लागला. घरच्यांचं काहीच नाही. तुम्हाला ट्रेनर लावायचाच असेल तर दोन गोष्टी आधी विचारा: पिल्लू चुकलं तर तुम्ही काय करता, आणि शिकवताना आम्ही समोर असू का. पहिल्याचं उत्तर 'झटका' असेल किंवा दुसऱ्याचं 'नको, तुम्ही असलात की त्याचं लक्ष लागत नाही' असं असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.