तुझ्या शब्दांच्या वहीबद्दल

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही दोन दिवस माझ्या टेबलावर होती. अक्षर सुरेख, आणि चिकाटी तर माझ्यात तुझ्या वयात नव्हती एवढी. रोज पन्नास शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. पण एका पानावर अडलो. ‘फ्रूगल’समोर तू ‘कंजूष’ लिहिलं आहेस, चार ओळींखाली ‘पार्सिमोनियस’समोर पुन्हा ‘कंजूष’, आणि ‘मायझर्ली’समोर सरळ ‘वरीलप्रमाणे’.

तुझ्या आजीला कुणी फ्रूगल म्हटलं तर ते कौतुक आहे. बाई काटकसरी, थोडक्यात संसार नेटका केला. पार्सिमोनियस म्हटलं तर आजी चिक्कू ठरली. मायझर्ली म्हणजे थेट कवडीचुंबक. (शास्त्रज्ञांची तऱ्हा निराळी. कमीत कमी गृहीतकांवर उभ्या राहणाऱ्या सिद्धान्ताला ते पार्सिमोनियस म्हणतात, ते शाबासकी म्हणून.)

मराठीत हे तुला कुणी शिकवलं का? माणूस वारला, गेला, निवर्तला, खपला, मेला, त्याला देवाज्ञा झाली. कोशात पाहिलंस तर अर्थ एकच. तरी शेजारी भेटायला गेल्यावर ‘काका कधी खपले?’ असं तुझ्या तोंडून चुकूनही येणार नाही. कुठला शब्द कुठल्या ओसरीवर बसतो हे तुझ्या कानाला ठाऊक आहे. इंग्रजीसाठी तोच कान तयार करायचा आहे, आणि तो दोन रकान्यांच्या वहीतून तयार होत नाही.

हे मी ठेच लागून शिकलो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका समारंभात आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. आदल्या रात्री जड जड शब्द शोधून ठेवले होते. पाहुण्यांच्या भाषणाला मी भर सभेत ‘एनर्व्हेटिंग’ म्हणालो. एनर्जीचा सख्खा भाऊ असेल, असा माझा समज. पाहुणे भले गृहस्थ होते, हसून नमस्कार केला. घरी येऊन कोश उघडला आणि घाम फुटला. लॅटिनमध्ये ‘नर्व्हस’ म्हणजे स्नायू, आणि आधीचा ‘ए’ म्हणजे बाहेर. ज्याचे स्नायूच काढून घेतले, तो एनर्व्हेटेड. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: गलितगात्र. भाषण ऐकून आम्ही सगळे गलितगात्र झालो, असं मी जाहीर केलं होतं! तो शब्द त्यानंतर कधी विसरलो नाही.

म्हणून शब्दाचं मूळ बघायची सवय लाव. यात तुला एक आयता फायदा आहे. इंग्रज न्यायाधीश आणि भाषापंडित विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा. तो नातेसंबंध तुझ्या घरातच आहे. ‘इग्नाइट’मध्ये अग्नी आहे, ‘डेंटल’मध्ये दंत, ‘डोनेट’मध्ये दान. ‘सबज्युगेट’ घे. सब म्हणजे खाली, आणि ‘जुगम’ म्हणजे बैलाच्या मानेवरचं आपलं जू. हरलेल्यांना भाल्यांच्या कमानीखालून, म्हणजे जणू जुवाखालून, वाकून जायला लावायची रीत प्राचीन इटलीत होती. इ.स.पू. 321 मध्ये कॉडाइन खिंडीत इटलीतल्याच सॅमनाइट लोकांनी खुद्द रोमन सैन्यालाच तसं जायला लावलं. आता ‘कॉन्जुगल’ बघ. कॉन म्हणजे एकत्र. नवराबायको एकाच जुवाला जुंपलेले! हे कळल्यावर पाठ करायचं काय उरलं?

मूळ फसवतंही. ‘नॉइसम’चा गोंगाटाशी काडीचा संबंध नाही, त्याचा अर्थ किळसवाणा, विशेषतः वासाला. तेव्हा अंदाज बांध, पण कोशात बघितल्याशिवाय वापरू नकोस. कोश इंग्रजी-इंग्रजीच घे, तोही परभाषकांसाठी केलेला. जपानमध्ये शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी नेमक्या तुझ्यामाझ्यासारख्यांच्या अडचणी ओळखून तसा कोश रचला आणि 1948 साली तो ऑक्सफर्डने काढला. त्या जातीच्या कोशात शब्द कुणाच्या संगतीत येतो तेही दिसतं. आपला चहा कडक, पाऊस मुसळधार आणि झोप गाढ असते, मुसळधार चहा कुणी पीत नाही. तसं ‘मिटिगेट’ (झळ कमी करणं) लिहिशील तेव्हा त्याच्यापुढे रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट असे त्याचे सोबतीही लिही.

पन्नासचे दहा कर. तेही विचित्र शब्दांपासून नको. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुळांची (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) यादी केली. परदेशी शिकायला जाणार आहेस, तर आधी ती संपव. उजळणीसाठी सेबास्टियन लाइटनर यांची 1972 सालची युक्ती वापर: चिठ्ठ्या आणि चार-पाच खोकी. आठवला तो शब्द पुढच्या खोक्यात, तिथली उजळणी उशिरा. विसरला तो परत पहिल्यात. बुटांची खोकी चालतील. मोबाइलवर तशी अ‍ॅप आहेत म्हणतात, पण चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिलेली बरी, हा माझा हट्ट समज.

परदेशी प्रवेशासाठीच्या त्या जीआरई परीक्षेची काळजी करू नकोस. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न 2011 सालीच गेले. आता रिकामी जागा वाक्यातच भरायची असते, म्हणजे परीक्षेलाही घोकंपट्टी पुरत नाही.

आणि एक. वहीतले सगळेच शब्द बोलण्या-लिहिण्यात आणायचे नसतात. वाचताना ओळखू आले तरी पुष्कळ. तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला, त्यात ‘युबिक्विटस’ (जिथे तिथे आढळणारा) तीनदा आहे. एक ठेव, दोन काढ.

वही परत पाठवतो आहे. ‘कंजूष’ खोडू नकोस, शेजारी बारीक अक्षरात ‘काटकसरी’ लिही. पुढच्या पत्रात दहाच शब्द पाठव, प्रत्येकाचं तुझं स्वतःचं वाक्य करून. वाक्यात तुझं गाव, तुझी बस, तुझी मेस यायला हवी. ‘एनर्व्हेट’ मात्र सोड, तो माझा आहे.

तुझा,
सर