माल कुठे थांबतो, ते बघ

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

बुटीबोरीच्या कारखान्यात रुजू झालीस आणि त्यातही प्लॅनिंगला घेतलं, हे ऐकून बरं वाटलं. प्लॅनिंगवाल्याला सगळेच बोल लावतात. डिस्पॅचवाले म्हणतात माल नाही, शॉपवाले म्हणतात प्लॅन रोज बदलतो. महिनाभरात सवय होईल. तोवर एक काम कर. कॉम्प्युटरवरचा प्लॅन बाजूला ठेव आणि पत्रा कापतात त्या शिअरिंगपासून डिस्पॅचच्या गेटपर्यंत मालाच्या मागे मागे चाल. मशिनी नंतर बघ. ट्रॉल्या कुठे साचल्यात, ते आधी बघ.

समज, तुमचा प्रेस तासाला 90 नग काढतो, वेल्डिंग 60 आणि पेंट बूथ 40. आठ तासांच्या शिफ्टला तयार माल 320 नगच, प्रेस कितीही पळवा. तो पूर्ण वेळ चालवला तर 720 नग होतील आणि वरचे 400 मध्येच पडून राहतील: 240 वेल्डिंगच्या अलीकडे, 160 पेंटच्या. पैसा अडकला, जागा अडली, पावसाळा असेल तर गंजही चढला. तरी संध्याकाळच्या रिपोर्टात प्रेस शंभर टक्के आणि फोरमन खूश! जुना ऑपरेटर मात्र सरळ बोलून जातो, "मशीन तर चालून राहिली मॅडम, पन माल कुठी जाऊन राहिला?" त्याचं ऐकत जा. प्रेस दुपारनंतर बंद दिसला की साहेबांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण या लाइनवर तो तेवढा वेळ बंदच असायला हवा.

पेंट बूथचं गणित वेगळं. तिथे तास बुडाला की सगळ्या कारखान्याचा तास बुडाला, आणि तो ओव्हरटाइमशिवाय परत मिळत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत बूथवर बदली माणूस ठेवायला सांग. वेल्डिंगचे स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे थेंब) राहिलेले नग बूथच्या आधीच वेगळे काढायला लाव. रंग दिल्यावर रिजेक्ट झालेला नग बूथचा वेळ दोनदा खातो. आणि मे महिन्यात बूथपाशी जाऊन थांब. नागपूरच्या उन्हात डब्यातला थिनर उडतो, पेंट घट्ट होतो आणि सकाळी नीट बसणारा रंग दुपारी संत्र्याच्या सालीसारखा उठतो. पेंटर गनची हवा वाढवून बघतो, सुपरवायझर पेंटरवर ओरडतो. तळाला भोक असलेल्या फोर्ड कपातून पेंट गळायला किती सेकंद लागतात, ते दर दोन तासांनी मोजून कागदावर मांडलं की कारण आपोआप दिसतं. वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 साली कंट्रोल चार्ट मांडला, तो याचसाठी: रोजचं चढउतार कोणतं आणि खरोखर काही बिघडलंय ते कोणतं, हे ओळखायला.

जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम तू परीक्षेत लिहिला असशील. लाइनवरच्या नगांना रोज बाहेर जाणाऱ्या नगांनी भाग, म्हणजे एका नगाला सरासरी किती दिवस लागतात ते कळतं. लाइनवर 4,800 नग पडलेत आणि रोज 320 जातात, तर आज कापलेला पत्रा पंधरा दिवसांनी गेटबाहेर पडेल. त्यातलं प्रत्यक्ष काम तासाभराचंही नसेल, बाकी सगळं थांबणं. गिऱ्हाइकाला आठ दिवसांचा शब्द देऊन बसलेल्या मार्केटिंगवाल्यांना हा भागाकार समोर बसवून करून दाखव.

मग विचारशील, लॉट, म्हणजे एका दमात काढायचे सारखे नग, एवढे मोठे का काढतात? प्रेसवरचा डाय (साचा) बदलायला दोन तास जातात म्हणून. किफायतशीर लॉटचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्येच दिलं. त्यात वर्गमूळ आहे, त्यामुळे सेटअपचा, म्हणजे डाय बदलण्याचा, खर्च चौथ्या हिश्श्यावर आला की लॉट निम्म्यावर येतो. गंमत अशी की बहुतेक जण सूत्रात सेटअपचा आकडा जसाच्या तसा टाकतात, तो कमी करायला कोणी उठत नाही. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी तोच धरला. डाय आणणं, बोल्ट-क्लॅम्प शोधणं, क्रेन बोलावणं ही कामं प्रेस चालू असतानाच उरकायची. बंद प्रेसवर फक्त काढणं आणि बसवणं. एखाद्या शिफ्टला घड्याळ घेऊन उभी राहा. त्या दोन तासांत पाना शोधण्यातच किती वेळ जातो, ते बघून हसू येईल.

एक मात्र लक्षात ठेव, हे सगळं पत्र्याला लागू. तुझी ती मैत्रीण फळप्रक्रियेत आहे ना, तिला साठा कमी कर म्हणून सांगायला जाऊ नकोस. आंबिया बहाराचा संत्रा नोव्हेंबर-डिसेंबरात येणार, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. फळ आलं की गाळायलाच हवं, मग रसाचा साठा पुढचे महिने पुरवायचा. तिची मशिनरी वर्षातला बराच काळ उभी राहणार, हे तिच्या धंद्यात धरूनच चालायचं असतं.

मे संपल्यावर घरी ये, निवांत बोलू. येताना ओईईचे, म्हणजे मशिनी किती कार्यक्षम चालल्या त्याचे, तक्ते नकोत. पेंट बूथ आठवडाभरात कधी कधी थांबला, किती मिनिटं आणि कशामुळे, एवढं वहीत टिपून आण. "ब्रेकडाउन" असा एका शब्दाचा शेरा चालणार नाही.

तुझा,
काका