वाचकांचे प्रश्न : पाहुण्या वकिलातीच्या, दप्तर ग्रामपंचायतीचं

प्रश्न : आमच्या नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत पाच महिला आहेत, सरपंचही महिलाच. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या दौऱ्यावर आलेल्या परदेशी महिला राजनैतिक अधिकारी महिलांचा राजकीय सहभाग समजून घ्यायला दीड तास गावात येणार आहेत. आखणी कशी करावी?
– एक सदस्य, सातारा जिल्हा

उत्तर : प्रत्येक वाक्य दुभाषी पुन्हा सांगणार, म्हणजे तुमच्या हाती खरा वेळ पाऊण तासच. त्यात लेझीम, स्वागतगीत आणि चार पुढाऱ्यांची मनोगतं घातलीत की चर्चा गुंडाळावी लागते. बहुतेक ठिकाणी असंच होतं. स्वागत दहा मिनिटांत उरका. हळदीकुंकवानं स्वागत करणार असाल तर विधवा सदस्य मागे उभ्या राहतात, आणि पाहुण्या त्याचं कारण विचारतातच. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तो आठवा. सगळ्यांना एकेक फूल पुरे.

मग दप्तर उघडा. महिलांनी मागितलेलं एकच काम निवडा, समजा पाण्याची टाकी. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिच्या इतिवृत्तातली मागणी, नंतर ग्रामसभेचा ठराव, मग अंदाजपत्रक, शेवटी बिल, असा क्रमानं तो कागद दाखवा. ज्या सदस्याने मागणी मांडली तिनंच बोलावं. इतिवृत्तात ‘चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ एवढंच असेल तर दाखवायला काही उरत नाही, म्हणून निवड आधी तपासून करा.

वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंट ऑनलाइन निघतं. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) ते तयार करतात, सरपंच मंजूर करतात. दोघांचीही डिजिटल सही लागते. त्या सहीची डोंगल सरपंचबाईंच्या पर्समध्ये आहे की नवऱ्याच्या खिशात, यावरून खरा कारभारी कोण ते कळतं. सरपंचपतींचा विषय निघणारच. झाकू नका, आणि त्या दिवशी नवरे मंडळींना सभागृहाबाहेर चहा द्या. दुभाषीही बाईच असू द्या. ‘सोडत’, ‘घरपट्टी’, ‘मासिक सभा’ असे शब्द तिला आदल्या दिवशी समजावून सांगा, नाहीतर निम्मा वेळ त्यातच जातो.

पार्श्वभूमी दोन वाक्यांत सांगा : ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, तेव्हा किमान एक तृतीयांश जागा महिलांना, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. नवाचे निम्मे साडेचार, म्हणून तुमच्याकडे पाच. खरी अडचण मात्र पुढे आहे : सोडतीत वॉर्ड खुला झाला की पाच वर्षं तयार झालेल्या बाईला बहुधा उमेदवारीच मिळत नाही. पाहुण्यांपुढे हेच मांडा, आणि त्यांच्याकडची तऱ्हाही विचारा. नेपाळात स्थानिक निवडणुकीत पक्षानं प्रमुख आणि उपप्रमुख अशी दोन्ही पदं लढवली तर एक उमेदवार महिला लागते. त्यामुळे बहुतेक बायका उपप्रमुखपदावरच अडकल्या. रवांडात निर्णय घेणाऱ्या संस्थांत किमान ३० टक्के महिला, हे राज्यघटनेतच आहे.

दौऱ्याची लेखी सूचना जिल्हाधिकारी कार्यालयातून आली आहे ना, तेवढं पाहून घ्या. भेटवस्तू बचत गटाची आणि कमी किमतीची द्या.

प्रश्न : लोकसभेतही आरक्षण आलं ना? मग महिला खासदार इतक्या कमी का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कायदा २०२३ चा, १०६ वी घटनादुरुस्ती. पण त्यानंतरची जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच आरक्षण सुरू होईल, अशी अट त्याच कायद्यात घातली. २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या, त्या आरक्षणाविना.

प्रश्न : परराष्ट्र सेवेतल्या बाईला लग्नासाठी सरकारची परवानगी लागायची, हे खरं?
– एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : खरं. लेखी परवानगी लागे, आणि विवाहितेला नेमणुकीचा हक्क नाही असंही नियमात होतं. १९४९ मध्ये सेवेत आलेल्या पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा बढती डावलल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारनं बढती दिली, म्हणून १९७९ मध्ये याचिका निकाली निघाली, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालपत्रात या नियमांवर कडक ताशेरे ओढले.