सिलिकॉनला आंबट वास येत होता का?

आपण लिहिले आहे की, रापणीच्या (किनाऱ्यावरून जाळे ओढून केलेल्या मासेमारीच्या) देखाव्याची काचेची पेटी सिलिकॉनने पूर्ण बंद करूनही आतला ईएसपी३२ (दिवे चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) दोन महिन्यांत अडखळू लागला, पिनांवर हिरवा थर चढला आणि वेंगुर्ल्याची खारी हवा कोणत्या फटीतून शिरते ते कळत नाही. माझ्या मते खारी हवा शिरलेलीच नाही; तांबे खाणारी वस्तू आपण स्वतःच आत कोंडली आहे. मी रसायनशास्त्राचा जाणकार नाही, दापोलीत गणित शिकवतो, तेव्हा हा केवळ अनुभव समजावा.

हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावाचा देखावा मी १:७२ या प्रमाणात केला होता. माणूस जेमतेम २४ मिलिमीटरचा, होड्यांवर लुकलुकणारे दिवे. पेटीच्या काचा ॲक्वेरियमसारख्या चिकटवल्या आणि पावसाळा तोंडावर असल्याने, सिलिकॉन ओले असतानाच, त्याच संध्याकाळी सर्किट आत ठेवून झाकण बसवले. दीड महिन्यात दिवे मध्येच विझू लागले. सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) ब्राउनआउटचा संदेश येत होता, म्हणजे व्होल्टेज पडत होते. तरी मी पंधरा दिवस प्रोग्रॅमच पुन्हा लिहीत बसलो. मग बोर्ड एका दुरुस्ती केंद्राकडे पाठवला. त्यांनी तो तीन आठवडे ठेवून घेतला आणि 'पाणी गेले आहे' एवढा शेरा मारून, तपासणीचे पैसे कापून परत केला. पेटीतल्या सेन्सरवर आर्द्रता ५५ टक्क्यांच्या वर गेलेली नाही, हे सांगूनही कोणी ऐकले नाही. (आम्लाच्या वाफांत तो सेन्सरही चुकतो, हे मला पुढे कळले.) मीही त्या शेऱ्यावर विश्वास ठेवला, नवा बोर्ड बसवला आणि फटींत आणखी सिलिकॉन भरले. सर्वांत महाग पडले ते हे.

दुसरा बोर्ड गेल्यावर झाकण काढले, तर व्हिनेगरसारखा भपकारा आला. पिना पाहून आई म्हणाली, "बिनकल्हईच्या पातेल्यात सार ठेवल्यासारखं कळकलंय हे." नेमके तेच झाले होते. काचेसाठी सर्रास मिळणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते. उघड्यावर ते उडून जाते. बंद पेटीत मात्र त्याला तांब्या-पितळेशिवाय दुसरे काम उरत नाही. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांवर विसंबून राहू नये.

म्हणून यापुढे इलेक्ट्रॉनिक्ससाठी विकले जाणारे न्यूट्रल क्युअर (वाळताना हे आम्ल न सोडणारे) सिलिकॉनच घ्यावे आणि तेही पूर्ण वाळेपर्यंत सर्किट आत ठेवू नये. माझे मत विचाराल तर बोर्ड पेटीत ठेवूच नये. देखाव्याखालच्या वेगळ्या, खाली भोके असलेल्या खोक्यात ठेवून वर फक्त वायरी न्याव्यात. हिरवे पडलेले जम्पर (जोडणीच्या सुट्या वायरी) घासत बसू नये, फेकून द्यावेत. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहता येईल, पण तो वाचेलच असे नाही.

आपल्या देखाव्यातल्या चित्रांवर (छोट्या बाहुल्यांवर) आल्याचे आपण लिहिलेला पांढुरका थर हा बहुधा निराळा प्रकार आहे. दमट हवेत मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला की असे होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मी स्प्रे हातात घेत नाही, पाण्यात मिसळणारे वॉर्निश ब्रशने पातळ लावतो.

तूर्त झाकण काढून पेटी आठवडाभर घरात उघडी ठेवावी आणि सिलिकॉनच्या ट्यूबवर नेमके काय छापले आहे ते येथे लिहावे.