गोळी पाण्यावरून खरंच उसळते का?

प्रश्न: मी एनसीसीत आहे. फायरिंगच्या वेळी सर म्हणाले की तळ्याच्या दिशेने गोळी कधीच मारायची नाही, ती पाण्यावरून उसळते. पण पाणी तर मऊ असतं, शिशाची गोळी त्यात बुडायला नको का?
– एक कॅडेट, सातारा

उत्तर: सरांचं बरोबर आहे, आणि प्रश्न विचारलास ते फार बरं केलंस. पाणी मऊ वाटतं कारण आपण त्यात हळू हात घालतो, वरून पोटावर पडून बघ मग कळतं. गोळी अगदी तिरपी आली की तिची फक्त खालची बाजू पाण्याला लागते, वरची हवेतच असते, आणि पाणी हवेपेक्षा साधारण 800 पट दाट, त्यामुळे सगळा धक्का खालून वर बसतो आणि बुडायच्या आत ती वर फेकली जाते. चपटा दगड टप्पे खात जातो ना, तसंच.

आता किती तिरपी? गोल गोळ्यासाठी एक जुना हिशोब आहे, 18 ला पदार्थाच्या सापेक्ष घनतेच्या (म्हणजे तो पाण्याच्या किती पट दाट आहे त्याच्या) वर्गमुळाने भागायचं, की पाण्याच्या पृष्ठभागाशी असलेला कोन मिळतो. शिशाची 11.3, म्हणजे उत्तर येतं साधारण 5 अंश, लोखंडाचं साडेसहाच्या आसपास. त्याहून उभी आली तर बुडते. रायफलची गोळी लांबट असते, तिला हा आकडा जसाच्या तसा लागू नाही, पण काठावर उभं राहून लांबच्या पाण्यावर मारलं तर कोन एवढाच कमी असतो, म्हणून तर भीती. उसळलेली गोळी नीट फिरत नाही, कोलांट्या खात जाते, कुठे जाईल सांगता येत नाही. तुमच्या पॉइंट टू टू (.22) रायफलच्या गोळ्यांच्या काही पाकिटांवर दीड मैलापर्यंत धोका असं छापलेलं असतं ते उगीच नाही.

अजून एक, कॅरमच्या रिबाउंडसारखं जेवढ्या कोनात आली तेवढ्याच कोनात परत, असं नसतं. काँक्रीटच्या भिंतीवरून ती बऱ्याचदा भिंतीला अगदी लगटून निघते, त्यामुळे सैनिकांना भिंतीला चिकटून चालू नका असं शिकवतात.

पूर्वीचे आरमारी तोफखानेवाले लोखंडी गोळे मुद्दाम पाण्यावरून उसळवायचे. बार्न्स वॉलिस या ब्रिटिश इंजिनिअरने 1942 मध्ये घराबाहेर पाण्याच्या टबावर गोट्या मारून हेच तपासलं, आणि मे 1943 मध्ये त्याचे मिनिटाला 500 उलटे फेरे घेणारे बॉम्ब जेमतेम 60 फुटांवरून सोडले, ते टप्पे खात जर्मनीतल्या म्योने आणि एडर धरणांपर्यंत गेले. दोन्ही फुटली, आणि पुरात हजाराहून जास्त माणसं गेली.